प्लेसर सोन्याची खाण: आधी कण मोजा, मग यंत्र ठरवा

प्लेसर म्हणजे खडकातून सुटून रेव-वाळूत जमलेलं सोनं. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट, गारगोटीची २.६५ पट. पाण्यात बुडाल्यावर दोघांच्या वजनातून पाण्याचा वाटा वजा होतो आणि उरतं १८.३ विरुद्ध १.६५. म्हणजे पाण्यात सोनं सारख्या आकाराच्या गारगोटीपेक्षा अकरा पट जड असतं. स्लुइस (तळाला आडव्या पट्ट्या लावलेली तिरपी पन्हळ), जिग, हादरणारं टेबल, सेंट्रिफ्युगल कॉन्सन्ट्रेटर ही सोनं वेगळं करणारी सगळी यंत्रं या अकरा पटींच्या जोरावर चालतात.

हा जोर कण मोठा असेपर्यंतच कामी येतो. चांदी मिसळलेल्या नैसर्गिक सोन्याचा १ मि.मी. व्यासाचा गोल दाणा साधारण ९ मि.ग्रॅ. भरतो. ०.१ मि.मी.चा दाणा त्याच्या हजाराव्या हिश्शाइतकाच असतो, आणि नदीने ठोकून पातळ केलेली पापडी असेल तर ती पाण्यात पानासारखी तरंगत जाते. म्हणून कुठलंही यंत्र निवडण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात: सोन्याचा कण केवढा आहे आणि रेवेत चिकणमाती किती आहे. चाळणीचं भोक, पन्हळीचा उतार, पाणी, जिग लागेल की नाही, हे सगळं या दोन उत्तरांवरून ठरतं. यंत्र आधी विकत घेतलं आणि थर नंतर पाहिला, तर सोनं टेलिंगच्या, म्हणजे धुऊन टाकून दिलेल्या मालाच्या, ढिगात जातं, आणि ते गेल्याचं कळतही नाही.

सोनं कुठे थांबतं

डोंगरातली सोन्याची शीर झिजते आणि कण सुटे होतात. शिरेजवळच राहिले तर तो अवशिष्ट साठा, उतारावर घसरले तर उताराचा साठा, आणि ओढ्या-नदीत आले तर जलोढ साठा. नदीने पात्र खाली खोदलं की जुनं पात्र काठावर उंच राहतं. ही पायरी, म्हणजे बेंच, अनेकदा आजच्या पात्रापेक्षा श्रीमंत असते. कॅनडातल्या क्लोंडाइकमध्ये १८९६ साली सोनं सापडलं ते बोनांझा ओढ्याच्या पात्रात, पण नंतर वरच्या टेकड्यांवरच्या ‘व्हाइट चॅनल’ नावाच्या पांढुरक्या जुन्या रेवेतूनही भरपूर सोनं निघालं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात जुनी पात्रं लाव्ह्याखाली गाडली गेली आहेत. अलास्कातल्या नोम इथे समुद्राच्या लाटांनी किनाऱ्याच्या वाळूतच सोनं जमवलं.

नदीतला नियम सोपा आहे. प्रवाहाचा जोर जिथे अचानक कमी होतो तिथे जड वस्तू पडते: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या मागे, अरुंद घळीतून पात्र रुंद होतं तिथे, उतार कमी होतो तिथे. नेहमीच्या पाण्यात सोनं जागचं हलत नाही. पूर येतो तेव्हा पात्रातली सगळी रेव हलते, आणि हलत्या रेवेत सोनं खाली खाली झिरपतं ते तळखडकापर्यंत. त्यामुळे पाच मीटर रेव असली तरी सोन्याचा मोठा हिस्सा शेवटच्या अर्ध्या-एक मीटरमध्ये आणि खडकाच्या भेगांत असतो. या श्रीमंत पट्ट्याला पे-स्ट्रीक म्हणतात. तो आजच्या प्रवाहाखालीच असेल असं नाही. जुनी वळणं आज दिसत नाहीत, पट्टा मात्र त्यांच्याच मार्गाने जातो.

तळखडक कसा आहे याकडे नीट लक्ष द्या. शिस्ट किंवा स्लेटचे पापुद्रे प्रवाहाला आडवे आणि उभे असतील तर ते निसर्गाने बसवलेले रिफल्सच, म्हणजे पन्हळीतल्या आडव्या पट्ट्या. तिथे सोनं भेगांतून ३० सें.मी. ते कधी मीटरभर खाली उतरतं. गुळगुळीत, अखंड ग्रॅनाइटवरून ते पुढे घसरतं. कुजलेला, मऊ झालेला खडक कुदळीने निघतो आणि त्याचा वरचा थर सोन्यासकट काढावाच लागतो.

खोटा तळ ही खणताना होणारी सर्वांत महागडी चूक. घट्ट चिकणमातीचा किंवा चुन्याने जखडलेला थर लागला की बादली अडखळते, खाली खडक आला असं वाटतं आणि खणणं थांबतं. अशा थरावर सोनं खरंच असू शकतं, पण खाली दुसरा श्रीमंत थर असण्याची शक्यता तितकीच खरी आहे. निदान एक-दोन खड्डे त्या थराच्या आरपार नेऊन खात्री करा.

काळी वाळू, म्हणजे मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट, सोन्याबरोबर जमते कारण तीही जड आहे. मॅग्नेटाइटची घनता ५.२. पण काळी वाळू आहे म्हणून सोनं आहे असं नाही. काळ्या वाळूचे पट्टे सोन्याशिवायही भरपूर आढळतात. जड खनिजं जमण्याजोगी जागा इथे आहे, एवढंच ती सांगते.

नमुना: सगळा हिशोब इथून

अपेक्षित पट्ट्याला आडव्या रांगेत खड्डे घ्या. पट्टा अरुंद असतो, म्हणून रांगेतले खड्डे जवळजवळ, १० ते २० मीटरवर. दोन रांगांमधलं अंतर मात्र १०० मीटरही चालेल. प्रत्येक खड्ड्यात थर बदलेल तसा नमुना वेगळा: वरची माती, वरची रेव, खालची रेव, खडकाचा वरचा ३० सें.मी. सगळं एकत्र केलं तर सोनं नेमकं कुठे आहे ते हरवतं. छातीपेक्षा खोल खड्ड्यात आधार दिल्याशिवाय उतरू नका. रेवेची भिंत कोसळण्याआधी इशारा देत नाही.

खणलेली रेव फुगते. जमिनीतला १ घनमीटर बाहेर काढल्यावर साधारण १.१५ ते १.२५ घनमीटर होतो. नमुना फुगलेल्या मापाने मोजून साठा न फुगलेल्या मापाने काढला तर सगळे आकडे चुकतात. उदाहरण घ्या. २० लिटरच्या १० बादल्या धुतल्या आणि ४० मि.ग्रॅ. सोनं मिळालं. फुगवटा १.२ धरला तर मूळ रेव २००÷१.२ = १६७ लिटर, म्हणजे ०.१६७ घनमीटर. प्रत (रेवेतलं सोन्याचं प्रमाण): ४०÷०.१६७ = घनमीटरला सुमारे २४० मि.ग्रॅ. आता हा थर १ मीटर जाड आहे आणि वर ४ मीटर रिकामी माती-रेव आहे. पोकलेनला पाचही मीटर हलवायचे आहेत, तेव्हा हलवलेल्या प्रत्येक घनमीटरमागे सोनं ४८ मि.ग्रॅ.च. खाण चालेल की नाही ते या दुसऱ्या आकड्यावर ठरतं.

नमुना केवढा हवा ते पुन्हा कणावर. सगळं सोनं १ मि.मी.च्या गोल दाण्यांचं असेल, तर घनमीटरला २४० मि.ग्रॅ. म्हणजे जेमतेम २६ दाणे. एका बादलीत, मूळ मापाने १६.७ लिटरमध्ये, सरासरी अर्धा दाणाही नाही. एक दाणा आला तर प्रत दुप्पट दिसेल, नाही आला तर शून्य. दोन्ही खोटं. जाड सोन्याच्या जागी नमुना बादलीत घेऊन भागत नाही, तो घनमीटरमध्ये घ्यावा लागतो, आणि छोट्या वॉश प्लांटवर (रेव धुणाऱ्या यंत्रसंचावर) दहा-वीस घनमीटरची चाचणी हाच खरा नमुना. बारीक सोन्याच्या जागी मात्र काही बादल्या पुरतात.

पॅन चालवण्याची पद्धत अशी. ३५ सें.मी.चं पॅन पाऊण भरा आणि संथ पाण्यात पूर्ण बुडवा. बुडलेलं असतानाच दोन्ही हातांनी माती कणीक मळावी तशी मळा. चिकणमातीचा एकही गोळा शिल्लक राहता कामा नये. मोठे गोटे पाण्यात चोळून, धुऊन बाजूला टाका. मग पॅन सपाट धरून डावी-उजवीकडे जोरात हलवा, दहा-बारा हेलकावे. जड ते खाली बसतं. आता पुढची कड थोडी खाली कलवून पाणी आत-बाहेर करा, म्हणजे वरची हलकी वाळू निघून जाते. तीन-चार वेळा वाळू सोडली की पुन्हा सपाट धरून हलवा. हे परत परत हलवणं टाळलं की सोनं वाळूबरोबर कडेवर चढतं आणि निघून जातं. शेवटी चमचाभर काळी वाळू उरली की थोडंसं पाणी घेऊन पॅन हळू गोल फिरवा. वाळू पंख्यासारखी पसरते आणि तिच्या शेपटीशी पिवळे कण मागे राहतात.

पिवळं दिसतं ते सोनंच का, हे सुईने पाहा. सोनं सुईच्या टोकाखाली दबतं, वाकतं. पायराइट तुटून चुरा होतो. अभ्रक कोन बदलला की चमकतं आणि विझतं, पाण्यात हलकं उडतं. सोन्याचा रंग उन्हात आणि सावलीत सारखाच राहतो.

आता मिळालेलं सोनं वाळवून २, १, ०.५, ०.२५ आणि ०.१५ मि.मी.च्या चाळण्यांतून चाळा आणि प्रत्येक भागाचं वजन वेगळं लिहा. कण गोल की चपटे तेही भिंगातून पाहून लिहा. पुढची सगळी यंत्रं या कागदावरून निवडायची आहेत. ९० टक्के सोनं ०.५ मि.मी.वर असेल तर चांगली स्लुइस पुरे. निम्मं सोनं ०.२५ मि.मी.खाली असेल तर फक्त स्लुइसवर खाण उभी करू नका.

नैसर्गिक सोन्यात चांदी असते. शुद्धता हजारात मोजतात: ८५० म्हणजे हजारात ८५० भाग सोनं. महसुलाचा हिशोब करताना कच्च्या वजनाला हा आकडा लावायला विसरू नका. १ ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम.

खणणं

परवाना, पाण्याची परवानगी आणि जमीन पूर्ववत करण्याचा आराखडा हातात आल्यावरच यंत्र जागेवर आणा. वरची काळी माती वेगळी काढून वेगळ्या ढिगात ठेवा. तिच्यावर रेव पडली की ती शेवटी कामाची राहत नाही. त्याखालचा बिनसोन्याचा थर डोझरने किंवा पोकलेनने आधीच्या खणलेल्या खड्ड्यात ढकला. एकदा उचललेला माल दुसऱ्यांदा उचलावा लागला की डिझेल दुप्पट.

पे-स्ट्रीक लागल्यावर घाई बंद. खड्ड्यातलं पाणी पंपाने उपसा. पाण्याखालून बादली भरली की वर येताना पाणी गळतं आणि त्याबरोबर नेमकं बारीक, जड सोनं परत खड्ड्यात पडतं. खडकाला लागल्यावर दात नसलेली सरळ कडेची बादली लावा आणि खरवडून घ्या. मऊ खडक ३० ते ६० सें.मी. काढा. कठीण, भेगांच्या खडकावर शेवटी माणसाने हात लावावा लागतो: भेग लोखंडी आकड्याने उकरा, तिच्यातली घट्ट बसलेली माती बोटांनी सैल करा, पाण्याच्या पाइपने धुऊन खालच्या टोकाला गोळा करा. भेगेच्या तळाशी असलेली राखाडी, बोटाला चिकटणारी माती फेकून देऊ नका. दहा मीटर रुंद उघडा खडक असा साफ करायला दिवस गेला तरी तो वाया जात नाही. तिथून निघालेला माल वेगळा धुवा, म्हणजे पुढच्या वेळी किती खोल खरवडायचं ते आकड्याने कळेल.

धुणं आणि चाळणं

पुढचं उदाहरण तासाला ५० घनमीटर सैल रेव घेणाऱ्या प्लांटचं धरू. माल आधी ग्रिझलीवर पडतो. तिरप्या, मजबूत दांड्यांची ही जाळी १५० ते २०० मि.मी.वरचे धोंडे बाहेर काढते. धोंड्यांवर पाण्याचा फवारा हवा, कारण त्यांच्या अंगावरच्या मातीत सोनं असतं. मग हॉपर, म्हणजे माल साठवणारं मोठं नरसाळं, आणि फीडर, म्हणजे तो माल एकसारखा पुढे सोडणारं यंत्र. फीडरवर पैसे वाचवू नका. लोडरने एका दमात बादली ओतली की स्लुइसवर मिनिटभर मालाचा लोंढा येतो आणि पुढचा मिनिट नुसतं पाणी वाहतं. लोंढ्याने रिफल बुजतात, नुसत्या पाण्याने आधी बसलेलं सोनं उकरलं जातं. रोजचा सरासरी आकडा बरोबर दिसतो, सोनं मात्र दोन्ही वेळा जातं.

ट्रॉमेल म्हणजे फिरतं पिंप: पहिला भाग बंद, आतून पट्ट्या लावलेला, तिथे माल उचलला जाऊन आपटतो आणि चिकणमाती सुटते, पुढचा भाग भोकांचा, तिथे बारीक माल खाली पडतो. वेग काढण्याचं गणित सोपं आहे. माल पिंपाला चिकटून फिरायला लागेल तो वेग, मिनिटाला फेऱ्यांमध्ये, ४२.३ भागिले मीटरमधल्या व्यासाचं वर्गमूळ. १.५ मीटर व्यासाला हा ३४.५ येतो. त्याच्या ३५ ते ४५ टक्क्यांवर, म्हणजे १२ ते १५ फेऱ्यांवर चालवा. उतार ३ ते ५ अंश. माती जास्त असेल तर उतार कमी करा, म्हणजे माल आत जास्त वेळ राहील. कोरडी, सुटी रेव असेल तर कंपन करणारी चाळण स्वस्त पडते. चिकणमातीत ती कुचकामी, तिची भोकं लिंपून जातात.

चिकणमातीच्या गोळ्यांना हलक्यात घेऊ नका. न फुटलेला गोळा पन्हळीवरून गडगडतो, वाटेत बसलेले सोन्याचे कण अंगाला चिकटवतो आणि टेलिंगमध्ये घेऊन जातो. ट्रॉमेलच्या बाहेर पडणाऱ्या मोठ्या मालात मुठीएवढा गोळा दिसला तर उचला, बादलीत मळा, पॅन करा. त्यात सोनं दिसलं तर बंद भाग लांब हवा, फवाऱ्याचा दाब हवा किंवा माल आदल्या दिवशी भिजवून ठेवायला हवा.

भोकाचा आकार सोन्याच्या सर्वांत मोठ्या कणावरून ठरवा, पण जितका बारीक परवडेल तितका ठेवा. बहुतेक ठिकाणी १२ ते २० मि.मी. चालतं. मोठे गोटे पन्हळीवरून न्यायचे तर पाणी जोरात सोडावं लागतं, आणि ते पाणी बारीक सोनं घेऊन जातं. भोकापेक्षा मोठ्या नगेटची (सोन्याच्या गोळ्याची) काळजी असेल तर मोठ्या मालाच्या पट्ट्यावर मेटल डिटेक्टर बसवा. त्यासाठी चाळणीचं भोक वाढवू नका.

स्लुइस

पन्हळ दिसायला सगळ्यांत साधी, म्हणून तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. रिफलचं काम खड्डा बनून सोनं साठवणं नव्हे. पाणी रिफलवरून जाताना मागे भोवरा तयार होतो. तो भोवरा वाळू सतत उचलत राहतो, आणि त्या हलत्या, सैल वाळूतून सोनं खाली अंथरलेल्या मॅटमध्ये उतरतं. पुरातली नदी जे करते तेच इथे एका इंचात घडतं. पाणी क्षणभर कमी करून रिफलमागे बोट घाला. वाळू दह्यासारखी मऊ लागली तर पन्हळ काम करते आहे. बोट टेकलं आणि आत जाईना, तर रिफल बुजले आहेत आणि सोनं त्यावरून घसरून चाललं आहे. बोटाला मॅट उघडी लागली तर पाणी उकरतं आहे.

सुरुवातीचे आकडे असे. १२ मि.मी.खाली चाळल्यावर ५० घनमीटरमधला समजा ४० टक्के माल, म्हणजे तासाला २० घनमीटर स्लुइसवर येतो. त्याला १ मीटर रुंदी द्या. पाणी मालाच्या १० ते १२ पट: तासाला २०० ते २४० घनमीटर. २५ मि.मी.च्या अँगलचे रिफल, मध्ये ४० ते ६० मि.मी. जागा, उतार मीटरला १७ ते २५ सें.मी. त्यापुढे बारीक सोन्यासाठी एक्सपांडेड मेटलची (चिरून ताणलेल्या पत्र्याची) जाळी, उतार मीटरला १२ ते १६ सें.मी. जाळीची उठलेली कड अशी ठेवा की तिच्या मागे, पाणी जातं त्या दिशेला, पोकळी राहील. उलटी बसवली की ती निव्वळ उतरती फरशी होते. खाली धाग्यांच्या वेटोळ्यांची, उघड्या विणीची मॅट. जाळी आणि रिफल मॅटवर घट्ट दाबलेले हवेत. फटीतून पाणी गेलं तर ते मॅटमधलं सोनं धुऊन नेतं, आणि वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. पन्हळ आडवी लेव्हलमध्ये आहे ना, हे रोज सकाळी स्पिरिट लेव्हल ठेवून पाहा. एका बाजूला पाणी धावलं की दुसरी बाजू बुजते.

बुजल्यावर काय करायचं, तर क्रमाने: आधी फीड, म्हणजे येणारा माल, कमी करा, मग पाणी थोडं वाढवा, मग उतार. तिन्ही एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळत नाही. काळी वाळू फार असेल तर बुजणं लवकर होतं, तेव्हा साफसफाई जास्त वेळा करा. पहिल्या एक-दोन मीटरची मॅट रोज धुवा, बाकीची चार-पाच दिवसांनी. प्रत्येक भागाचं सोनं वेगळं तोला. बहुतेक सोनं पहिल्या दोन मीटरमध्ये यायला हवं. शेवटच्या मीटरमध्येही चांगलं सोनं सापडायला लागलं तर ती आनंदाची बातमी नाही: जे तिथे पोचलं त्याहून जास्त बाहेर गेलं असण्याची शक्यता मोठी आहे.

पन्हळ तपासण्याची पक्की पद्धत म्हणजे खुणेचे कण सोडणं. कॅनडातल्या युकॉनमध्ये यासाठी किरणोत्सर्गी केलेले सोन्याचे कण वापरले गेले. टंगस्टनची घनता जवळपास सोन्याइतकीच, १९.२५ आहे. सोन्याच्या मापाचे मोजून शंभर टंगस्टनचे दाणे चालू फीडमध्ये सोडा आणि साफसफाईत राखाडी, चुंबकाला न लागणारे किती परत आले ते मोजा. नव्वद आले तर त्या मापाची वसुली ९० टक्के. प्रत्येक मापासाठी वेगळी चाचणी करा.

बारीक सोन्यासाठी

०.२५ मि.मी.खालचं सोनं जास्त असेल तर स्लुइसच्या जागी किंवा तिच्या मागे दुसरं यंत्र हवं. जिगमध्ये जाळीवर पोलादी गोळ्यांचा थर असतो आणि खालून पाण्याचे ठोके बसतात. प्रत्येक ठोक्याला थर उघडतो, जड कण आत उतरतात. फीडमधला चढ-उतार जिग स्लुइसपेक्षा चांगला सोसतं आणि सतत चालतं, थांबवून साफ करावं लागत नाही. सेंट्रिफ्युगल कॉन्सन्ट्रेटर वेगाने फिरून गुरुत्वाकर्षण साठ पटींच्या घरात नेतो, म्हणून बारीक कणही जड होतो. पण त्याला सहसा ६ मि.मी.खाली, बारीक सोन्यासाठी २ मि.मी.खाली चाळलेला माल हवा, आणि खालून येणारं पाणी स्वच्छ हवं. गढूळ पाण्याने कड्यांची भोकं बुजतात, थर आवळतो आणि यंत्र नुसतं फिरत राहतं.

साफसफाईचा माल टेबलवर नेण्याआधी १ मि.मी., ०.५ मि.मी. असे गट चाळा. मिसळलेला माल टेबलवर नीट वेगळा होत नाही, कारण मोठी काळी वाळू आणि बारीक सोनं एकाच रेषेत चालतात. मॅग्नेटाइट चुंबकाने काढताना चुंबक प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि पाण्यात, हळू फिरवा. कोरड्या मालात घुसवला तर वाळूच्या गुच्छात सोनं अडकून येतं. काढलेली वाळू पुन्हा एकदा धुऊन पाहा.

पारा वापरू नका. पाऱ्याची वाफ श्वासातून मेंदूपर्यंत जाते, आणि नदीत गेलेला पारा माशांमधून माणसात परत येतो. पाऱ्यावर बंधनं घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ पासून लागू झाला तो याच कारणाने. जुन्या खाणींच्या रेवेत पूर्वीचा पारा अजून सापडतो. सोन्याचे कण चांदीसारखे पांढरे दिसले तर ते पारा लागलेलं सोनं समजा, वेगळं ठेवा आणि कधीही उघड्यावर तापवू नका. चांगलं टेबल आणि धीर असेल तर पाऱ्याशिवाय पुरेसं स्वच्छ सोनं मिळतं. ते टाकणखार घालून मुशीत वितळवा. साफसफाई, वजन आणि नोंद दोन माणसांनी मिळून करावी.

पाणी, खडी आणि भरणी

तासाला २४० घनमीटर म्हणजे सेकंदाला ६७ लिटर. हॉपर तळ्यापेक्षा ८ मीटर उंच, पाइपचं घर्षण ५ मीटर, फवाऱ्याला २ बार म्हणजे २० मीटर: एकूण ३३ मीटर. ७० टक्के कार्यक्षमतेला साधारण ३१ किलोवॉट लागतात, म्हणून ३७ किलोवॉटची मोटर घ्या.

गाळ बसण्याच्या तळ्याचं क्षेत्रफळ महत्त्वाचं, खोली फक्त साठ्यासाठी. १० मायक्रॉनचा कण तासाला सुमारे ०.३२ मीटर खाली बसतो. २४० ला ०.३२ ने भागलं की ७५० चौरस मीटर. वारा आणि आडवे प्रवाह धरून दुप्पट करा, दीड हजार. २ मायक्रॉनची चिकणमाती दिवसाला ०.३ मीटरच बसते. तिच्यासाठी एकापाठोपाठ तीन तळी किंवा फ्लॉक्युलंट (गाळाचे कण एकत्र करून खाली बसवणारं रसायन) लागतं. पाणी फिरवून वापरताना ते दाट झालं की बारीक सोनं बसायला वेळ लागतो आणि वसुली घसरते. लिटरचा पारदर्शक नळा भरून तासभर ठेवा. वरचं पाणी निवळत नसेल तर तळं भरलं आहे, गाळ काढा.

धुतलेली रेव स्वतः विकण्याजोगा माल आहे, आणि कमी प्रतीच्या साठ्यात बरेचदा तीच खाण चालवते. ४०, २० आणि १० मि.मी.चे गट चाळून वेगळे ढीग करा, ४.७५ मि.मी.खालचा माल वाळू म्हणून स्क्रू वॉशरमधून (टबात फिरत्या स्क्रूने वाळू धुणाऱ्या यंत्रातून) काढा, ७५ मायक्रॉनखालचा गाळ धुऊन गेला आहे ना ते तपासा. खडीच्या प्लांटमध्ये सोन्याचा विचार नसला तरी वाळू स्क्रूमध्ये जाण्याआधी एक पन्हळ बसवून पाहा. जड माल स्क्रूच्या टबच्या तळाशी साचतो, आणि तिथला गाळ पॅन केल्याशिवाय फेकू नये.

टेलिंगचा नमुना रोज घ्या, तासातासाला एक डबा, दिवसअखेरीस एकत्र करून धुवा. त्यातलं सोनंही त्याच चाळण्यांतून काढा. बाहेर जाणारं सोनं ०.१५ मि.मी.खालचं असेल तर ते परवडतं का याचा हिशोब करा. १ मि.मी.चा दाणा टेलिंगमध्ये दिसला तर प्लांट तिथेच थांबवा. काहीतरी बुजलं, फाटलं किंवा कललं आहे.

भरणी उलट क्रमाने: तळाला धोंडे आणि मोठे गोटे, त्यावर वाळू-रेव, त्यावर तळ्यातून काढून वाळवलेला गाळ अर्धा मीटर, आणि सगळ्यात वर पहिल्या दिवशी बाजूला ठेवलेली काळी माती. गाळाचा थर वगळला तर पाणी रेवेतून सरळ खाली जातं आणि वर लावलेलं काही जगत नाही.